बेसबॉलमध्ये 'अर्न्ड रन' म्हणजे काय? रन निघाली, तरी ती पिचरच्या नावावर का लागत नाही?

१६ ऑक्टोबर २०२३. मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं १४१वं अधिवेशन सुरू होतं. लॉस एंजेलिसमध्ये २०२८ला होणाऱ्या ऑलिंपिकसाठी तिथे पाच खेळांवर शिक्कामोर्तब झालं. आपल्याकडे बातमी झाली ती क्रिकेटची. साहजिकच होतं, कारण क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परतत होतं १९०० सालानंतर पहिल्यांदाच. पण त्याच यादीत आणखी एक बॅट-बॉलचा खेळ होता: बेसबॉल आणि त्याची बहीण सॉफ्टबॉल.

म्हणजे २०२८ला मोबाईलवर क्रिकेट बघता बघता बोट घसरून बेसबॉलची मॅच लागायची शक्यता बरीच आहे. बॉल फेकला, मारला, पळाले, इथपर्यंत सगळं कळतं. घोळ होतो स्कोअरकार्डवर. तिथे पिचरच्या, म्हणजे आपल्या भाषेत बॉलरच्या, नावापुढे रनचे दोन रकाने असतात. एका रकान्यात 'रन', दुसऱ्यात 'अर्न्ड रन'. पहिल्यात ५ आणि दुसऱ्यात २ असे आकडे सहज दिसतात.

मग उरलेल्या ३ रन कुणाच्या? समोरच्या टीमच्या खात्यात तर पाचही जमा झाल्या. मग पिचरला तीन माफ कशा झाल्या?

हा सगळा खेळ एका प्रश्नाभोवती फिरतो. रन निघाली ती बॉल टाकणाऱ्याच्या चुकीमुळे, की फिल्डिंग करणाऱ्याच्या?

आधी क्रिकेटचा हिशोब बघू

हा प्रश्न क्रिकेटलाही पडतो, पण क्रिकेट त्याचं अर्धंच उत्तर देतं.

बाय आणि लेग बायच्या रन बॉलरच्या नावावर लागत नाहीत. त्या एक्स्ट्रामध्ये जातात. त्यामुळे ओव्हरमध्ये बायचे चार गेले तरी ती ओव्हर मेडन राहू शकते. वाइड आणि नो बॉलच्या रन मात्र बॉलरला भराव्या लागतात. तेही सुरुवातीपासून नव्हतं. १९८०च्या दशकात हा बदल झाला, त्याआधी वाइड आणि नो बॉलही बॉलरच्या आकड्यांत धरत नसत.

बॉलरच्या आकड्यांचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक नाव येतंच. बापू नाडकर्णी. जन्म नाशिकचा, १९३३चा. जानेवारी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्धच्या टेस्टमध्ये त्यांनी सलग २१ मेडन ओव्हर टाकल्या. सलग १३१ बॉलवर त्यांच्या नावावर एकही रन लागली नाही. त्या इनिंगमधले त्यांचे आकडे होते ३२-२७-५-०. म्हणजे ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन, शून्य विकेट. स्कोअरकार्डमध्ये बॉलरचं वेगळं खातं असतं, म्हणूनच साठ वर्षांनंतरही ही कामगिरी आपल्याला दिसते.

पण क्रिकेटचं खातं एका जागी गप्प बसतं. कॅच सुटला की.

जुलै १९९०, लॉर्ड्स. भारताविरुद्ध इंग्लंडचा कॅप्टन ग्रॅहॅम गूच ३६वर खेळत होता. संजीव शर्माच्या बॉलवर कट लागली आणि बडोद्याचे विकेटकीपर किरण मोरे यांच्याकडून कॅच सुटला. गूच पुढे ३३३ करून थांबला. म्हणजे जीवदान मिळाल्यावर त्याने २९७ रन काढल्या. बॅटमधून निघालेली त्यातली प्रत्येक रन भारतीय बॉलरांच्या नावावर लागली. कॅच सुटला होता, ही गोष्ट बॉलिंगच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. ती फक्त लोकांच्या आठवणीत राहिली.

बेसबॉलने नेमकं इथेच वेगळं वळण घेतलं. तिथे सुटलेला कॅच स्कोअरकार्डवर लिहिला जातो, सोडणाऱ्याच्या नावासकट. आणि त्यानंतरचा हिशोब बदलतो.

बेसबॉल एका मिनिटात

मैदानावर चौकोनात चार ठिकाणं असतात. होम प्लेट, पहिला बेस, दुसरा बेस आणि तिसरा बेस. बॅटर होम प्लेटजवळ उभा राहतो. बॉल मारून तो क्रमाने बेस गाठतो. सगळे बेस फिरून परत होम प्लेटवर आला की एक रन.

एका टीमचे तीन आऊट झाले की तिची बॅटिंगची पाळी संपते. दोन्ही टीमची एकेक पाळी झाली की एक इनिंग. अशा नऊ इनिंगची मॅच असते.

पिचरच्या हिशोबासाठी यातली एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: तीन आऊट. पिचरचं काम आहे तीन आऊटच्या संधी तयार करणं. त्या संधी पकडणं हे काम बाकीच्यांचंही आहे.

मग कोणती रन पिचरची?

ज्या रनला पिचर जबाबदार आहे, ती अर्न्ड रन. मराठीत तिला 'पिचरच्या नावावरची रन' म्हणता येईल. बॅटरने चांगला फटका मारून बेस गाठला, तर जबाबदारी पिचरची. चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकट पहिला बेस दिला, म्हणजे 'वॉक' दिला, तर पिचरची. बॉल बॅटरच्या अंगाला लागला, तरी पिचरचीच. रनरने बेस चोरला, म्हणजे पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस गाठला, तर तोही पिचरच्याच हिशोबात.

सूट मिळते ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी.

पहिली म्हणजे 'एरर'. साध्या प्रयत्नात आऊट करता आलं असतं किंवा रनर थांबवता आला असता, पण फिल्डरच्या हातून चूक झाली. सोपा कॅच सुटला, हातातला बॉल निसटला, थ्रो भलतीकडेच गेला.

दुसरी म्हणजे 'पास्ड बॉल'. पिचरने बॉल नीट टाकला होता, पण कॅचरला, म्हणजे तिथल्या विकेटकीपरला, तो अडवता आला नाही आणि रनर पुढे सरकला. इथे दोष कॅचरचा.

याच्या उलट बॉलच इतका वेडावाकडा टाकला की कॅचर काही करूच शकला नसता, तर त्याला 'वाइल्ड पिच' म्हणतात. तो दोष पिचरचा. गंमत बघा, क्रिकेटमध्ये बाय आणि वाइड यांच्यात जो फरक आहे, जवळपास तोच इथेही आहे.

खरी युक्ती: इनिंग पुन्हा खेळायची, पण कागदावर

फिल्डरने चूक केली की लगेच 'ही रन माफ' असं होत नाही. ऑफिशियल स्कोअरर एक वेगळं काम करतो. ती इनिंग तो मनातल्या मनात पुन्हा मांडतो, एरर आणि पास्ड बॉल काढून टाकून. चुका झाल्याच नसत्या तर कोण आऊट झालं असतं, कोण कुठल्या बेसवर असतं, आणि तरीही कोण घरी पोहोचलं असतं, हे तो बघतो. त्या चूक नसलेल्या इनिंगमध्येही जी रन निघाली असती, ती अर्न्ड. बाकीच्या अनअर्न्ड. कुणी कुठल्या बेसपर्यंत गेलं असतं याबद्दल शंका असेल, तर फायदा पिचरला द्यायचा, असं नियमातच लिहिलं आहे.

नियम वाचून डोकं गरगरतं, म्हणून उदाहरण घेऊ. समजा नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याच्या मैदानावर मॅच लागली आहे. फिल्डिंगला चिंचपाडा, बॅटिंगला खांडबारा. मॅच काल्पनिक, नियम खरे.

पहिला प्रसंग. दोन आऊट झालेत, बेसवर कुणी नाही. खांडबाऱ्याच्या बॅटरने सरपटता बॉल मारला. सोपा होता, पण फिल्डरच्या हातातून निसटला. एरर. बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप. पुढच्या बॅटरने थेट होम रन ठोकला. दोन रन निघाल्या.

पिचरच्या नावावर अर्न्ड रन किती? शून्य.

पहिल्या रनरचं कळतं, तो चुकीमुळेच आत आला होता. पण होम रन? तो तर पिचरच्याच बॉलवर बसला. तरी माफ, कारण तो सोपा बॉल पकडला असता तर तिसरा आऊट होऊन पाळी तिथेच संपली असती. होम रन मारणारा बॅटर समोर आलाच नसता. त्यानंतर त्याच पिचरला आणखी पाच होम रन बसले, तरी त्याच्या नावावर अर्न्ड रन एकही लागणार नाही.

दुसरा प्रसंग. तीच चूक, पण पाळीच्या सुरुवातीला. एकही आऊट नाही. एररमुळे एक जण पहिल्या बेसवर, पुढच्याचा होम रन. दोन रन.

आता उत्तर बदलतं. चुकीमुळे आत आलेल्याची रन अनअर्न्ड. होम रन मारणाऱ्याची स्वतःची रन मात्र अर्न्ड, कारण चूक झाली नसती तरी फार तर एक आऊट झाला असता आणि हा बॅटर समोर आलाच असता.

समजा यानंतर दोन आऊट झाले. मैदानावर दोनच, पण स्कोअररच्या कागदावर तीन, कारण सुटलेला आऊटही तो मोजतोय. इथून पुढे त्या पाळीत त्या पिचरवर निघालेली प्रत्येक रन अनअर्न्ड. चूक तीच, फटका तोच, पण चूक कधी झाली यावर पिचरचा हिशोब ठरतो.

तिसरा प्रसंग. बॅटरने चांगला फटका मारून पहिला बेस गाठला. कॅचरकडून पास्ड बॉल झाला आणि तो दुसऱ्या बेसवर सरकला. पुढच्या बॅटरने साधा एका बेसचा फटका मारला आणि दुसऱ्या बेसवरचा रनर धावत घरी आला.

या क्षणी ती रन अनअर्न्ड दिसते. पास्ड बॉल नसता तर तो पहिल्या बेसवरच असता आणि एवढ्या फटक्यावर घरी आला नसता. पण त्याच पाळीत पुढच्या बॅटरने होम रन मारला तर? मग तो रनर चुकीशिवायही घरी आलाच असता. तीच रन आता अर्न्ड होते.

म्हणून मॅच चालू असताना दिसणारा अर्न्ड रनचा आकडा पक्का नसतो. पाळी संपेपर्यंत तो बदलू शकतो.

पिचर मध्येच बदलला तर?

बेसबॉलमध्ये पिचर पाळीच्या मधोमध बदलता येतो. दमलेला पिचर बाहेर जातो आणि दुसरा येतो, त्याला 'रिलीफ पिचर' म्हणतात. पण आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले रनर तिथेच असतात. ते पुढे घरी आले तर रन कुणाची?

चिंचपाड्याच्या स्टेशनवर तिकीट काढून एक प्रवासी नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीत बसला. वाटेत गाडीचा ड्रायव्हर बदलला. प्रवासी नंदुरबारला उतरला. तरी तिकीट चिंचपाड्याहूनच काढलेलं आहे, तिथल्याच विक्रीत ते मोजलं जाणार. ड्रायव्हर बदलल्याने त्यात फरक पडत नाही.

रनरचंही तसंच. तो ज्या पिचरसमोर बेसवर पोहोचला, त्याच्याच नावावर त्याची रन. समजा एका पिचरने एक वॉक दिला, एक फटका खाल्ला आणि दोन रनर बेसवर सोडून तो बाहेर गेला. नवा पिचर आला आणि त्याच्या पहिल्याच बॉलवर जोरदार फटका बसून दोघेही घरी आले. दोन्ही रन बाहेर बसलेल्या पिचरच्या नावावर. नव्याच्या नावावर शून्य.

पण नव्या पिचरसाठी नियमाची दुसरी बाजू कडक आहे. आधी सुटलेल्या आऊटची सवलत त्याला मिळत नाही. वरचा पहिला प्रसंग घ्या. दोन आऊट, मग एरर. आता पिचर बदलला आणि नव्या पिचरला होम रन बसला. चुकीने आत आलेल्या रनरची रन जुन्या पिचरच्या नावावर, पण अनअर्न्ड. होम रन मारणाऱ्याची रन नव्या पिचरच्या नावावर, आणि ती अर्न्ड. कारण तो आला तेव्हाच त्याला माहीत होतं की काम अजून एका आऊटचं आहे.

यातून एक विचित्र गोष्ट होते. टीमच्या एकूण हिशोबात तीच होम रनची रन अनअर्न्ड धरली जाते, कारण टीमने तो आऊट सोडला होता. म्हणून टीमच्या सगळ्या पिचरांच्या अर्न्ड रनची बेरीज टीमच्या अर्न्ड रनशी कधी कधी जुळत नाही. ती छपाईची चूक नसते.

ईआरए कसा काढतात?

या सगळ्या उठाठेवीतून एक आकडा निघतो: अर्न्ड रन ॲव्हरेज, म्हणजे ईआरए. पिचरने नऊ इनिंगच्या पूर्ण मॅचमागे सरासरी किती अर्न्ड रन दिल्या, ते हा आकडा सांगतो.

सूत्र सोपं आहे. अर्न्ड रनला ९ने गुणायचं आणि टाकलेल्या इनिंगने भागायचं.

एक सापळा मात्र आहे. क्रिकेटमध्ये ६.१ ओव्हर म्हणजे सहा ओव्हर आणि एक बॉल. बेसबॉलमध्ये ६.१ इनिंग म्हणजे सहा इनिंग आणि एक आऊट, अर्थात सहा आणि एक तृतीयांश. एखाद्याने ६.१ इनिंगमध्ये २ अर्न्ड रन दिल्या, तर त्याचा ईआरए येतो २.८४. कॅल्क्युलेटरवर सरळ ६.१ने भागलं तर २.९५ येतं आणि ते चुकीचं आहे.

ईआरए जितका कमी तितका चांगला. या बाबतीत सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे बॉब गिब्सन. १९६८च्या सीझनमध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडून त्याने ३०४ पूर्ण आणि दोन तृतीयांश इनिंग टाकल्या. त्याच्यावर एकूण ४९ रन निघाल्या, त्यातल्या अर्न्ड ३८. ईआरए आला १.१२. चुकांमुळे निघालेल्या ११ रनही धरल्या असत्या तर आकडा १.४५च्या आसपास गेला असता. त्या वर्षी पिचर इतके भारी पडले की १९६९पासून पिचर ज्या उंचवट्यावरून बॉल टाकतो, त्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली.

भारताचाही या आकड्याशी थोडा संबंध आला आहे. 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून निवडलेल्या उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांना नोव्हेंबर २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. दोघांनीही त्याआधी बेसबॉल खेळला नव्हता. जुलै २००९मध्ये रिंकूच्या नावावर पायरेट्सच्या ज्युनिअर टीमकडून विजय लागला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर. हा आयपीएलमधला रिंकू नव्हे. हा पुढे डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये वीर महान म्हणून दिसला.

ही डोकॅलिटी कुणाची?

याचं श्रेय साधारणपणे हेन्री चॅडविक यांना दिलं जातं. जन्म १८२४चा, इंग्लंडमधल्या एक्सटरचा. लहानपणीच ते अमेरिकेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये पत्रकार झाले. बेसबॉलकडे वळण्याआधी ते कशाच्या बातम्या द्यायचे? क्रिकेटच्या.

क्रिकेटच्या स्कोअरकार्डची सवय असलेल्या या माणसाने बेसबॉलला आकड्यांची शिस्त लावली. रन कुणामुळे निघाली हे वेगळं लिहायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेतल्या नॅशनल लीगने १९१२पासून आणि अमेरिकन लीगने १९१३पासून ईआरए अधिकृतपणे नोंदवायला सुरुवात केली.

म्हणजे क्रिकेट बघितलेल्या माणसाने बेसबॉलसाठी जो हिशोब मांडला, तो क्रिकेटमध्ये मात्र आलाच नाही.

मग हा हिशोब पूर्ण न्याय देतो का?

नाही. आणि बेसबॉलवालेही त्यावर वर्षानुवर्षं भांडतात.

पहिली अडचण: एरर आहे की नाही, हे स्कोअरर ठरवतो. माणूस आहे, मतभेद होणार. त्याच्या एका निर्णयाने पिचरच्या नावावर तीन रन लागू शकतात किंवा उतरू शकतात. ज्या आकड्यावरून पिचरची टीममधली जागा आणि पगार ठरतो, त्यात हा फरक छोटा नाही.

दुसरी अडचण मोठी. एरर त्यालाच मिळतो जो बॉलपर्यंत पोहोचतो. चपळ फिल्डर धावत जातो, हात लावतो, बॉल निसटतो, त्याच्या नावावर एरर लागू शकतो. सुस्त फिल्डर जागेवरून हलतच नाही, बॉल शेजारून निघून जातो, आणि तो फटका बॅटरचा म्हणून मोजला जातो. रन पिचरच्या नावावर. गल्ली क्रिकेट खेळलेल्या प्रत्येक बॉलरला हे दुःख माहीत आहे.

तिसरी गोष्ट ऐकून हसू येतं. पिचरने स्वतःच एरर केला तर? तरीही रन अनअर्न्ड होऊ शकते. बॉल टाकून झाला की हिशोबापुरता पिचरही एक फिल्डरच असतो. स्वतःच्या चुकीची सूट स्वतःलाच.

या अडचणींमुळे आता ईआरएच्या जोडीला दुसरेही आकडे बघतात. त्यातला एक फक्त पिचरच्या हातातल्या गोष्टी मोजतो. किती बॅटर थेट आऊट केले, किती वॉक दिले, किती जणांच्या अंगावर बॉल मारला, किती होम रन खाल्ले. फिल्डरचा संबंधच ठेवायचा नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- फटका, वॉक, अंगाला लागलेला बॉल, चोरलेला बेस, वाइल्ड पिच: जबाबदारी पिचरची.
- एरर आणि पास्ड बॉल: सूट.
- दोन आऊटनंतर एररने तिसरा आऊट सुटला, तर त्या पाळीत त्या पिचरवर पुढे निघणारी प्रत्येक रन अनअर्न्ड.
- रनर ज्याच्यासमोर बेसवर पोहोचला, रन त्याच्या नावावर.
- नव्या पिचरला जुन्या चुकांची सवलत नाही.
- ईआरए म्हणजे अर्न्ड रन गुणिले ९, भागिले इनिंग.

पुढच्या वेळी बेसबॉलच्या स्कोअरकार्डवर ५ आणि २ असे आकडे दिसले, तर मधल्या तीन रन हरवलेल्या नाहीत हे ओळखा. त्या टीमच्या चुकांच्या आहेत, आणि त्या चुका एकट्या पिचरच्या माथी मारायच्या नाहीत, एवढंच त्या दुसऱ्या रकान्याचं म्हणणं आहे.